स्लॅबवर सोलर बसवायचंय? कोल्हापुरात पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

आत्याचा फोन आला तेव्हा मी महाद्वार रोडला गाडी लावायला जागा शोधत होतो. "अरं, सरकार सोलर फुकट देतंय म्हणं. खरं हाय व्हय?" शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून जवळ तिचं दुमजली घर आहे. महिन्याला अडीचशे युनिटांच्या आगेमागे वापर, आणि घरात येणारी एकच पेन्शन. मी म्हटलं, "फुकट न्हाई आत्या, निम्म्याला पडंल." त्यावर ती म्हणाली, "निम्मं तर निम्मं, खरं कागदं तू बघायची." (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

कागदं बघता बघता चार महिने गेले. त्यातले दोन तर निव्वळ आमच्या चुकांपायी. तुमचे जाऊ नयेत म्हणून पीएम सूर्यघर या सोलर अनुदानाच्या योजनेबद्दल हे लिहितोय.

हा अनुदानाचा पैसा येतो कुठून, आणि सरकार तो का खर्च करतं

अर्जाची घाई असेल तर हा भाग सोडून पुढं जा. पण सरकारला या पैशातून काय साधायचंय हे एकदा कळलं की पुढचे जाचक वाटणारे नियम सरळ दिसायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

बहात्तरचा दुष्काळ आठवणारी माणसं अजून घरोघरी आहेत. रानात काम नव्हतं म्हणून सरकारनं काम काढलं. खडी फोडा, पाझर तलाव खणा आणि मजुरी घेऊन जा. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव सांगणारी म्हातारी माणसं मी स्वतः ऐकली आहेत. लोकांच्या हातात पैसा आला, तो बाजारात फिरला आणि मागं रस्ता नाहीतर तलाव उरला. मंदी आली की जगभरची सरकारं याच जातीची कामं काढतात. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेनं फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरचा कायदा केला. त्यातले सुमारे ९० अब्ज स्वच्छ ऊर्जेसाठी होते. खडीच्या जागी पवनचक्की आणि सौर पॅनेल आलं, बाकी हिशेब तोच.

आपल्याकडं करोनाच्या वेळी, मे २०२० मध्ये, २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पर्यावरणाच्या खात्यात त्यातलं थोडंच पडलं. वनीकरणाच्या निधीतून ६,००० कोटींची कामं हा त्यातला ठळक आकडा. खरा जोर नंतर लागला. सौर पॅनेल देशातच बनावीत म्हणून कारखान्यांना उत्पादनावर प्रोत्साहन द्यायचं ठरलं, पहिल्या टप्प्यात ४,५०० कोटी आणि दुसऱ्यात १९,५०० कोटी. आता एवढी पॅनेलं बनणार तर ती घेणारं गिऱ्हाईक नको का? ते गिऱ्हाईक म्हणजे आमची आत्या.

२९ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना मंजूर केली. ७५,०२१ कोटी रुपये, एक कोटी घरं, मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. कारखान्यांपासून छतावर चढणाऱ्या वायरमनपर्यंत मिळून सुमारे १७ लाख रोजगार उभे राहतील, असा अंदाजही सरकारनं तेव्हाच मांडला होता. म्हणजे आत्याचं बिल कमी करणं हा हेतूंपैकी एक झाला. तिच्या स्लॅबवर चार पोरांना काम मिळणं हा दुसरा.

आता नियम बघा. अनुदान आधी मिळत नाही, सगळं बसवून वीज सुरू झाल्यावर मिळतं, कारण सरकारला झालेल्या कामाचे पैसे द्यायचेत. पॅनेल देशी हवं आणि त्यातले सेलही (वीज बनवणाऱ्या चकत्या) देशी हवेत. बाहेरच्या सेलचं स्वस्त पॅनेल लावलं की अनुदान विसरायचं. आणि तीन किलोवॅटच्या पुढं अनुदान वाढत नाही, कारण थोड्या बंगल्यांपेक्षा पुष्कळ घरं धरायची आहेत. हे डोक्यात ठेवून पुढं चला.

पहिली पायरी: लाईट बिल नीट वाचा

आमचा पहिला महिना इथं गेला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिलावर चार गोष्टी बघा: बारा आकडी ग्राहक क्रमांक, मंजूर भार (किती किलोवॅटची जोडणी मंजूर आहे ते), मागच्या बारा महिन्यांचे युनिट आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव. आत्याच्या बिलावर तिच्या सासऱ्यांचं नाव होतं. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली. बिल दर महिन्याला त्यांच्याच नावानं येत होतं, आत्या भरत होती, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. पेठांमधल्या जुन्या घरांत चौकशी करा, निम्म्या मीटरांचे मालक भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत सापडतील.

अडचण अशी की अर्ज ग्राहकाच्या नावानं होतो आणि अनुदान त्याच नावाच्या बँक खात्यात जातं. मयत माणसाच्या खात्यात सरकार पैसे टाकत नाही. म्हणून सोलरवाल्याला बोलवायच्या आधी महावितरणकडं नावबदलाचा अर्ज करा. मृत्यू दाखला, मिळकत पत्रिका किंवा घरफाळ्याची पावती, वारसांचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती एवढं जमवून ठेवा. हे शेवटचं बोलायला सोपं. आत्याचे एक दीर पुण्याला, एक नणंद बेळगावला. सही मागितली की दोघांच्याही मनात पहिला प्रश्न आला, घराच्या वाटणीचं तर काही नाही ना? लाईट बिलाच्या सहीनं घराची मालकी बदलत नाही हे फोनवर तीनदा समजवावं लागलं. असलं काम गणपतीत उरकावं. सगळे एका घरात असतात आणि मोदक खाऊन मनं मऊ झालेली असतात.

नावाचं स्पेलिंगही बघा. आधार, बिल आणि बँक पासबुक या तिन्हींत नाव सारखं हवं. आणि बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुन्या चेकवरचा आयएफएससी कोड चालत नाही. नवं चेकबुक मागवून घ्या.

दुसरी पायरी: टेप घेऊन वर जा

एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. 'सावली नसलेली' हे शब्द दोनदा वाचा. पाण्याची टाकी, जिन्याची टोपी, शेजारचा वाढलेला मजला, नारळ यांची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता स्वतः वर जाऊन बघा, शक्य तर खडूनं रेघ मारून ठेवा. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की त्या माळेतल्या सगळ्यांचंच उत्पादन घसरू शकतं.

आमच्या पहिल्या सोलरवाल्यानं आराखड्यात पॅनेलं टाकीच्या पश्चिमेला काढली होती. वायर तिथून जवळ पडत होती ना! आत्या रोज सकाळी त्या कोपऱ्यात पापड-कुरडया वाळत घालायला जाते. ती म्हणाली, "तिथं दहा वाजेपतूर ऊन येत न्हाई. माझं पापड वाळत न्हाईत, तुमची वीज काय वाळणार?" वीज वाळत नाही हे खरं, पण जागा बदलली.

तोंड दक्षिणेकडं हवं. कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर आहे, म्हणून पॅनेलाचा कलही पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असला की वर्षभराचा मेळ बसतो. कौलारू घर असेल तर वासे किती वजन पेलतील हे आधी सुताराला दाखवा. सोलरवाला 'चालतंय की' म्हणेल. त्याला माल विकायचाय.

भाड्यानं राहणाऱ्यांचं यात फारसं काही होत नाही. अपार्टमेंटमध्ये लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी संस्थेला किलोवॅटमागं १८,००० रुपये मिळतात. सर्वसाधारण सभेत विषय घ्या आणि देखभाल कोण बघणार हे त्याच बैठकीत ठरवा.

तिसरी पायरी: किती किलोवॅट?

इथं सोलरवाला आणि तुमचं हित वेगळं होतं. त्याला मोठं विकायचंय.

एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं, महिन्याला एकशेवीसच्या घरात. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य चार-चार दिवस तोंड दाखवत नाही, तेव्हा हा आकडा बराच खाली येतो. मार्च-एप्रिल ते भरून काढतात. म्हणून एका महिन्याच्या बिलावर जाऊ नका, बारा महिन्यांची बेरीज करा.

आत्याचा वर्षाचा वापर सुमारे तीन हजार युनिट. दोन किलोवॅटमधून वर्षाला साधारण २,८८० युनिट निघतात. उरलेले शंभरेक युनिट वर्षभरात विखुरले तर सगळ्यात स्वस्त टप्प्यातले असतात. घरगुती दर शंभर युनिटांच्या पुढं आणि परत तीनशेच्या पुढं चढत जातो, त्यामुळं सोलर आधी महागडे युनिट खातं. शेवटचे स्वस्त युनिट मारायला आणखी एक किलोवॅट घेणं म्हणजे शेंगदाण्यासाठी शेत घेणं.

अनुदानाचा हिशेब असा आहे: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये. दोनचे ६०,०००, तीनचे ७८,०००, आणि त्याच्या पुढं पाच घ्या नाहीतर दहा घ्या, ७८,००० च. सरकारनं मूळ खर्च धरताना पहिल्या दोन किलोवॅटांचा ६० टक्के आणि तिसऱ्याचा ४० टक्के भार उचलायचं ठरवलंय. सोलरवाला आत्याला म्हणत होता, "मावशी, तीन घ्या, अठ्ठ्याहत्तर हजार मिळत्यात!" मिळतात ना. पण जादाच्या अठरा हजारांसाठी खिशातले त्याहून जास्त घालायचे आणि ती वीज वापरायची कुठं? एसी घ्यायचा विचार असेल किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर तीन घ्या. आत्याच्या घरी दोन्ही नाही.

महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये वेगळी भर घातली आहे. एका किलोवॅटला केंद्राचे ३०,००० मिळतातच, त्याच्याशिवाय राज्याकडून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना १५,००० आणि इतरांना १०,००० रुपये. घरकामाला येणाऱ्या मावशींना, गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला हे आवर्जून सांगा. ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यापर्यंत ही बातमी सगळ्यात उशिरा जाते.

चौथी पायरी: अर्ज

हे सगळ्यात सोपं निघालं. पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल नंबरनं नोंदणी करायची, राज्य, जिल्हा, महावितरण आणि ग्राहक क्रमांक भरायचा, बिलाची प्रत चढवायची. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही. मंजूर भार कमी असेल तर तोही तेवढा वाढवला जातो. सायबर कॅफेत करणार असाल तर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. ओटीपी दुकानदाराच्या फोनवर जायला लागला की पुढचे तीन महिने त्याच्या दुकानात चकरा.

पोर्टलची शंका असेल तर १५५५५ हा मदत क्रमांक आहे.

पाचवी पायरी: सोलरवाला निवडणं

पोर्टलवर नोंद असलेल्या विक्रेत्याकडूनच बसवलं तर अनुदान. निदान तीन कोटेशनं घ्या. उद्यमनगरात, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत लोखंडी स्ट्रक्चर बनवणारे पुष्कळ आहेत, त्यामुळं आपल्याकडं सांगाड्याच्या कामात मोलभाव होऊ शकतो. पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारी पेटी) किमतीत तसा फारसा होत नाही.

कोटेशनमध्ये काय बघायचं? पॅनेलची कंपनी आणि मॉडेल लिहिलंय का, नुसतं 'टॉप ब्रँड' नको. देशी सेलचं प्रमाणपत्र देणार का. सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला आहे की नुसता रंग मारलेला, कारण आपला पाऊस रंगाला दोन वर्षं टिकू देत नाही. पाच वर्षांची देखभाल लेखी आहे का, योजनेतच ती विक्रेत्याकडं आहे. आणि जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवर जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. बसवण्याच्या मजुरीचा भाग धरून एकूण साधारण ८.९ टक्के होतो. आमच्या तिघांपैकी एकानं जुन्या छापील कागदावर १३.८ टक्के लावला होता. विचारल्यावर म्हणाला, "नजरचुकीनं राहिलं बगा." नजर बरोबर तिथंच चुकली.

आत्याचं दोन किलोवॅटचं काम शेवटी एक लाख तीस हजाराला ठरलं. साठ वजा केले तर सत्तर. म्हणून 'निम्म्याला पडंल' म्हणालो होतो.

सगळे पैसे आधी देऊ नका. थोडे करारावर, मोठा हप्ता माल दारात आल्यावर, काही रक्कम नेट मीटर (आलेली आणि गेलेली वीज मोजणारा) लागल्यावर. 'अनुदान आमच्या खात्यात घेतो, तुम्ही फक्त उरलेले द्या' असं कुणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. हातात पैसे नसतील तर सरकारी बँकांचं कर्ज आहे. तीन किलोवॅटपर्यंतच्या या कर्जाचा व्याजदर रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) वर अर्धा टक्का असा ठरलेला आहे आणि तारण लागत नाही. बँकेतला साहेब त्याऐवजी वैयक्तिक कर्ज गळ्यात मारायला बघेल. योजनेचं नाव घेऊन तेच मागा.

सहावी पायरी: बसवताना समोर उभं राहा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही कोल्हापूरची गोष्ट आहे.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. आत्याच्या तळमजल्यात, कोनाड्याच्या वरच्या बाजूला, काकांनी तेव्हा खिळ्यानं दोन रेघा ओरखडून ठेवल्या होत्या, एक एकोणीसची, एक एकवीसची. रंगारी आला तरी त्या रेघांवर रंग मारू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम आत्या अजून पाळते. सोलरची पोरं इन्व्हर्टर घेऊन आली आणि मीटरच्या शेजारी, त्या रेघांच्या खाली, भिंतीला भोकं पाडायला लागली. ड्रिल लावायच्या आधी आत्यानं पोराचा दंड धरला आणि बोट नुसतं रेघेवर ठेवलं. पोरगं इचलकरंजीचं होतं, पूर बघितलेलं. काही न बोलता त्यानं पेटी उचलली आणि जिन्यानं वर निघाला.

शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, नागाळा पार्कचा सखल भाग, जिथं जिथं पाणी येतं तिथं इन्व्हर्टर आणि त्याच्या दोन्ही जोडपेट्या पहिल्या मजल्यावर किंवा जिन्याच्या टोपीत घ्या. वायर थोडी जास्त लागेल. मीटर तळमजल्यावरच राहत असेल तर ते उंच घ्यायचा अर्जही याच वेळी टाका.

दुसरी गोष्ट वीज, म्हणजे आभाळातली. वळवाच्या पावसात आपल्याकडं कशी कडकडते हे सांगायला नको. वीजरोधक दांडा हवा आणि अर्थिंग तीन वेगवेगळ्या खड्ड्यांची हवी: पॅनेलच्या बाजूची एक, घरच्या विजेच्या बाजूची एक आणि दांड्याची स्वतंत्र. खर्च वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात गुंडाळतात. खड्डे उकरताना स्वतः मोजा.

वाऱ्याचंही तेच. पत्र्यावरचे दगड उडवणारा वळीव पॅनेलला पतंग करू शकतो. सांगाड्याचे पाय स्लॅबला नुसते टेकवलेले नकोत, काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवलेले हवेत, आणि स्लॅबला भोक पाडलं असेल तर ते बुजवून वॉटरप्रूफिंग झालेलं हवं.

पॅनेल चढवायच्या आधी प्रत्येकाच्या मागच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा. नंतर तिथं हात पोचत नाही, आणि पोर्टलवर हेच क्रमांक भरले जातात.

आत्यानं सगळं झाल्यावर विचारलं, "म्हंजे आता लाईट गेली तरी आपली चालू?" नाही. नेट मीटरवरचं साधं सोलर गावाची लाईट गेली की स्वतःहून बंद पडतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. बंद लाईनवर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या स्लॅबवरून धक्का बसू नये म्हणून. लाईट गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीवालं घ्यावं लागतं, ते बरंच महाग पडतं आणि बॅटरीला अनुदान नाही. घरचा जुना इन्व्हर्टर-बॅटरी विकू नका.

सातवी पायरी: नेट मीटर आणि पैसे

बसवून झालं की सोलरवाला पोर्टलवर माहिती भरतो आणि महावितरण नेट मीटर लावून तपासणी करतं. आलेली वीज आणि गेलेली वीज हा मीटर वेगवेगळी मोजतो. तपासणीचा अहवाल पोर्टलवर चढला की बँक तपशील आणि रद्द केलेला चेक टाकायचा. सरकार म्हणतं तीस दिवसांत पैसे. आत्याला पस्तीस लागले. सकाळी सकाळी फोन, "साठ आलं रं!" कर्ज काढलं असेल तर ही रक्कम कर्जखात्यात वळते.

बिल शून्य होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. स्थिर आकार राहतोच. आत्याचं अडीच हजारांचं बिल आता दोनशेच्या आत येतं. या चालीनं तिचे सत्तर हजार तीन वर्षांच्या आत वसूल होतात.

जादा झालेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना अगदी कमी दर मिळतो. सोलर मोठं घेऊन वीज 'विकायची' स्वप्नं इथंच संपतात.

शेतकऱ्यांसाठी थोडकं

रानातल्या पंपाची योजना निराळी: मागेल त्याला सौर कृषी पंप. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. विहीर किंवा बोअर स्वतःची आणि वीजजोडणी आधीची नसेल तर अर्ज करा. करवीर, कागल, शिरोळकडं नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थांचं पाणी घेणाऱ्या ऊसवाल्यांना याचा फारसा उपयोग नाही, त्यांचा पंप संस्थेचा असतो. पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगडच्या वरच्या रानांत मात्र दिवसा पाणी मिळणं म्हणजे रात्री साप-विंचवात जाणं चुकलं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत विजेच्या उपकेंद्राजवळची जमीन सौर प्रकल्पासाठी भाड्यानंही देता येते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. उसाचं काळं रान यासाठी देणं मला पटत नाही. पण मुरमाड माळ पडून असेल तर हिशेब करून बघा.

झाल्यावर

पॅनेल धुणं हेच एक काम राहतं. पावसाळ्यात पाऊस धुतो. पण कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या आसपासच्या स्लॅबांवर काजळी पडते, कारखान्याच्या धुराड्याची आणि जवळ गुऱ्हाळ असेल तर चुलवाणात जळणाऱ्या चिपाडाची. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती दिसते, पॅनेलवर दिसत नाही, पण मोबाइलवरच्या अॅपात रोजचा आकडा आठाचा सहावर आलेला दिसतो. नोव्हेंबर ते मार्च दहा-पंधरा दिवसांनी एकदा धुवा. साधं पाणी, मऊ फडकं, साबण नको, तारेची घासणी तर अजिबात नको. ऊन चढायच्या आधी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की तडा जायची भीती.

आत्या सडा-रांगोळी झाली की जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणि अर्धी बादली घेऊन वर जाते. आता पापडही तिथंच वाळतात, पॅनेलांच्या दक्षिणेला, सावली पडणार नाही एवढं अंतर सोडून.